चार नंबरच्या लूमखाली

मार्च लागला की आमच्या घरात सगळे चवड्यांवर चालतात. लेकीची दहावी आहे. टीव्ही बंद, कुकरच्या शिट्ट्या ती अभ्यासाला बसायच्या आधी उरकायच्या, फोन वाजला की तिच्या बापानं तो उचलून गॅलरीत पळायचं. "आई, भांडी जरा हळू घास ना," ती आतून सांगते. मी घासते हळू. पण खरं सांगायचं तर मला ही शांतता सोसत नाही. दुपारी पंख्याची घरघर तेवढी उरते, माझं कशातच लक्ष लागत नाही, तव्यावर पोळी करपते. मग तीच बाहेर येऊन म्हणते, "परीक्षा तुझी आहे की माझी?"

तिला काय सांगायचं. मी कामतघरची, भिवंडीची. आमचं घर आणि आमचा कारखाना यांच्यात एकच भिंत होती. कारखाना म्हणजे पत्र्याच्या शेडमधले चार लूम, विजेवरचे माग, पण भिवंडीत त्यालाही कारखानाच म्हणतात. त्या चार लूमांच्या खडखडाटात मी बाराखडी शिकले, पाढे पाठ केले, तापात पडले आणि बरीही झाले. भिंतीला टेकून बसलं की पाठीत आवाज जाणवायचा. लग्नानंतर सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं, "तुमच्याकडं सगळे भांडतात का गं?" म्हटलं, नाही हो, बोलतो. आमच्या गल्लीत हळू बोललेलं कुणाला ऐकूच यायचं नाही, त्याला आम्ही काय करणार.

माझ्या दहावीच्या वर्षी मात्र तो आवाज थांबला. आधी लोडशेडिंगनं थांबत थांबत गेला. वीज जायची तेव्हा सगळ्या आळीचा खडखडाट एकदम तुटायचा आणि लांबच्या लांब कुणाचं तरी रडणारं पोर ऐकू यायचं. मग वीज असली तरी लूम बंद राहायला लागले, कारण सूत यायचं बंद झालं होतं. चार नंबर पहिल्यांदा थांबला, मग एक, मग दोन, आणि शेवटी तीन. आजूबाजूला मोठ्या शेडा होत्या, त्या चालत राहिल्या, पण आमच्या भिंतीतला आवाज गेला तो गेलाच. मी पुस्तक उघडून बसायचे आणि एक ओळ डोक्यात शिरायची नाही. आई म्हणायची, "एवढी शांतता हाय, आता तरी वाच." तिला वाटायचं, मी नाटकं करते.

त्याच दिवसांत आमची कबरी व्याली.

कबरी तशी कुणाचीच नव्हती. अंगावर काळे-पिवळे डाग, एक कान फाटलेला, माणसाच्या पायात कधी घुटमळायची नाही. सुताला कांजी चढवलेली असते, त्या कांजीसाठी उंदीर येतात आणि सूत कुरतडतात, म्हणून बाबा तिला कारखान्यात येऊ द्यायचे. रोज सकाळी पत्र्याच्या झाकणात दूध. आमचा एकच कामगार उरला होता, रहमतचाचा, उत्तर प्रदेशातला. तो म्हणायचा, "सेठ, ये भी अपनी शिफ्ट करती है." बाबा हसायचे. त्यांना सेठ म्हणणारा तो एकटाच होता. नात्यागोत्यातले सगळे त्यांना नावानंच हाक मारायचे, कारण आमची मंडळी मूळची शेतीतली, आजोबांनी भात पिकवला, चुलत्यांनी जमिनी गोडाऊनवाल्यांना दिल्या आणि घरं बांधली. बाबांनी तेवढं भाताच्या खळ्यावर शेड घालून लूम आणले. "आगरी माणूस आणि सूत कातायला बसला," असं लोक नाक मुरडून म्हणायचे. कातायला नव्हे, विणायला, असं बाबा दरवेळी सांगायचे, आणि पालथ्या घड्यावर पाणी.

तर एका सकाळी रहमतचाचा दारात येऊन म्हणाला, "सेठ, बिल्ली ने बच्चे दिए हैं. चार नंबर के नीचे." आम्ही सगळे गेलो. कापडाच्या रुळाखाली लूमच्या पायांच्या मध्ये जी बोळकांडी असते, तिथं धुळीत आणि तेलकट कापसाच्या पुंजक्यात ती आडवी पडली होती. पोटाशी चार पिल्लं. डोळे मिटलेले, उंदरांएवढी. बाबा उकिडवे बसले आणि बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "जलमभर या आवाजात हिंडली, पन व्याली ती सगळं गप झाल्यावर." कबरीनं मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं आणि पुन्हा पिल्लं चाटायला लागली.

आता त्या वेळी घरात काय चाललं होतं ते सांगायला हवं. लूम भंगारात द्यायचे, हे ठरल्यासारखं होतं. आईनं ठरवलं होतं म्हणा हवं तर. माझ्या मामानं बाबांसाठी जवळच पूर्ण्याला एका गोडाऊनवर वॉचमनची नोकरी बघितली होती. पहिल्या तारखेपासून या, म्हणाले होते. शेड रिकामी झाली की भाड्यानं जाणार होती. घर चालवायचं तर दुसरा मार्ग नव्हता, हे मला तेव्हाही कळत होतं. पण हे बाबांना सांगणार कोण? मांजराच्या गळ्यात घंटा कोण बांधणार, असं आई मला स्वयंपाकघरात म्हणाली आणि मग तिनंच जाऊन बांधली. बाबा हो म्हणाले. ते कुठल्याच गोष्टीला नाही म्हणायचे नाहीत. फक्त ती गोष्ट करायचे नाहीत.

भंगारवाला आला तेव्हा मी ओट्यावर इतिहासाच्या सनावळ्या घोकत होते. आमच्याच भागातला माणूस, बोलायला मऊ. त्या वर्षी त्यानं कामतघरातले किती कारखाने मोडले असतील देव जाणे. "दादा, कधी उचलू?" त्यानं विचारलं.

"मांजर व्यालीय," बाबा म्हणाले. "चार नंबरखाली."

"मंग?"

"पिल्लं चालायला लागू देत. आपल्या पायानं भायेर आली का मंग ने."

तो हसला. माझ्याकडं बघून हसला, आईकडं बघून हसला. "मांजराच्या पोरांसाठी थांबायचं का मी?"

"तुला कामं काय कमी हायेत? दुसरीकडं मोड तवर."

तो खांदे उडवून गेला. आई दारात उभी होती. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि आत गेली. मी मात्र मनातल्या मनात कबरीला दुवा दिला. मला वाटलं, चला, अजून काही दिवस. काय होणार होतं त्या काही दिवसांत? वीज येणार होती की सूत येणार होतं? काडीचा फरक पडणार नव्हता. पण माणूस असंच जगतं, आजचं उद्यावर ढकलत.

रहमतचाचा गावाला निघाला तो त्याच आठवड्यात. जायच्या आधी तो नेहमीसारखा आला, तेलाची कुपी घेतली आणि चारही लूमना तेल दिलं. बंद लूमना. बाबा म्हणाले, "अरे चाचा, अब किसके लिए?" तो म्हणाला, "आदत है, सेठ." चार नंबरला तेल देताना तो वाकला आणि कबरीशी काहीतरी पुटपुटला. मग पिशवी खांद्याला लावून रिक्षा पकडायला गेला. पुढं त्याचं काय झालं ते आम्हाला कधीच कळलं नाही. पत्ता होता, पण कुणी पत्र टाकलं नाही, ना त्यानं ना आम्ही.

मग बाबांनी पिल्लांचं सगळं अंगावर घेतलं. दिवसभर शेडमध्येच. दुधात पाणी किती घालायचं यावरून आईशी वाद. कबरीला बोंबलाचं डोकं. पत्रा तापायला लागला की ते गोणपाट भिजवून वर टाकायचे. जो माणूस आमच्या दुखण्याखुपण्यात "आईला सांग" म्हणून बाजूला व्हायचा, तो मांजरीच्या बाळंतपणात असा बुडालेला पाहून मला थोडा रागच यायचा. माझी बोर्डाची परीक्षा होती, मला कुणी विचारत नव्हतं.

आईनं पिल्लांखाली घालायला जुनं लुगडं काढून ठेवलं होतं. बाबा म्हणाले, "लुगडं धुवून धुवून खरखरीत झालंय. थांब, मी देतो." चार नंबरच्या बीमवर, म्हणजे ताण्याच्या रुळावर, शेवटचं थोडं सूत उरलं होतं. विणून तागा झाला नसता एवढंच. त्यांनी ते सोडवलं, पाण्यात घालून कांजी काढली, वाळवलं आणि ओट्यावर बसून दोन्ही हातांनी मोकळं करत राहिले. पांढरंशुभ्र सूत. त्यांनी त्याचा मोठा पुंजका केला आणि माझ्या गालाला लावला. "बघ बाय, कसं हाय." खरंच मऊ होतं. एवढं मऊ मी नंतर माझ्या लेकीसाठीही काही आणू शकले नाही. त्या पुंजक्यावर त्यांनी पिल्लं एकेक उचलून ठेवली. कबरी जरा गुरगुरली आणि मग येऊन निजली.

दुसऱ्या कुठल्या गावात, दुसऱ्या कुठल्या घरात हे घडलं नसतं. कुणी गवत घातलं असतं, कुणी फडकं घातलं असतं, कुणी काहीच घातलं नसतं. आमच्याकडं सूत होतं. आमच्या घरात पावसाळ्यात फटी बुजवायला सूत, जखमेवर सूत, उशीत सूत. सुतानं कुणाचं वाईट होईल, हे आमच्या डोक्यात येणंच शक्य नव्हतं.

पेपर सुरू झाले. केंद्र गावात होतं, बाबा मला स्कूटरवर सोडायला यायचे. तलावाच्या कडेनं जाताना एकदा ते मागं न बघताच म्हणाले, "गोडाऊनला वर्दी घालाय लागंल म्हणतात."

"मग घाला की."

"घालीन ना. न्हाय कुठं म्हणतो." थोडं पुढं गेल्यावर म्हणाले, "टोपी पन."

मला तेव्हा वाटलं, वर्दीचं काय एवढं? माझ्या डोक्यात बीजगणित होतं. आता मी बाबांच्या तेव्हाच्या वयाच्या जवळ आलेय तेव्हा कळतं, की चार लूमांच्या मधल्या वाटेनं हात मागं बांधून फिरणाऱ्या माणसाला दुसऱ्याच्या गेटवर टोपी घालून उभं राहायचं होतं, आणि तो हे आपल्या पोरीला सांगायचा प्रयत्न करत होता. मी "घाला की" म्हटलं.

विज्ञानाच्या पेपरच्या सकाळी कबरी ओरडत होती. भुकेचं ओरडणं वेगळं असतं, हे वेगळंच होतं. दारापर्यंत यायची, परत आत जायची. आई झाडू तसाच टाकून गेली आणि तिथून तिनं बाबांना हाक मारली. मी मागोमाग. बाबांनी हात घालून एक पिल्लू उचललं तर त्याच्याबरोबर सगळा पुंजकाच वर आला. पिल्लं वाढत होती, वळवळत होती, एकमेकांवर चढत होती, आणि तेवढ्या दिवसांत त्या मोकळ्या सुताचा गुंता होऊन तो त्यांच्याभोवती आवळत गेला होता. एकाच्या मानेत धागा रुतला होता. ते गार पडलेलं होतं. दुसऱ्याच्या मागच्या पायाला इतके वेढे बसले होते की पाय सुजून जांभळा झाला होता. बाकीची दोन बाजूला सरकली होती म्हणून वाचली.

बाबांचे हात मी आयुष्यभर पाहिलेत. चालत्या लूमवर तुटलेला धागा ते असा सांधायचे की कापडावर खूण राहायची नाही. त्या दिवशी त्यांना टोक सापडेना. बोटं नुसती फिरत होती. "कात्री आण," ते म्हणाले, आणि मी आणली, तर त्यांनी ती आईच्या हातात दिली. आईनं केसांत बुडालेला धागा एकेक करून कापला. पिल्लू ओरडायचंही विसरलं होतं.

"मऊ होतं म्हणून घातलं गो," बाबा म्हणाले. आईला म्हणाले की कबरीला, मला सांगता येणार नाही.

एरवी आई "मी सांगत होते" हे शब्द तोंडात तयारच ठेवायची. भाजीत मीठ जास्त झालं तरी तिनं आधी सांगितलेलं असायचं. लुगडं तिनं काढून ठेवलं होतं, तिला म्हणायचा हक्क होता. पण तिनं हळद आणि खोबरेल कालवलं, पायाला लावलं, तेच लुगडं फाडून खाली घातलं. मेलेलं पिल्लू बाबांनी शेडच्या मागं पुरलं. उरलेलं सगळं सूत त्यांनी जाळलं. कारखान्यात सूत जाळलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं, आमच्याकडं तो अपशकुन मानतात. मी पेपरला गेले. सोडायला तेच आले. परत येताना पेपर कसा गेला तेही त्यांनी विचारलं नाही. मला रडू येत होतं, आणि ते कुणासाठी हे मला कळत नव्हतं.

ते पिल्लू जगलं. पुढं आमच्याच घरात मोठं झालं, पाय वाळून काटकी झाला तो तसाच राहिला. लंगडीच म्हणायचो तिला. बाबांनी तिला कधी कुरवाळलं नाही. ड्युटीवरून आले की विचारायचे, "तिला दूध घातलं का गो?" स्वतः कधी घातलं नाही. ती त्यांच्या चपलांवर झोपायची, आणि ते ती उठेपर्यंत अनवाणी थांबायचे. आता दोघंही नाहीत. लंगडी एका पावसाळ्यात गेली, बाबा गेल्याला बरीच वर्षं झाली. त्यांचं जाणं मी सोसलं. माणसं जातात. पण मार्चच्या दुपारी घर असं चिडीचूप झालं की मला ते भिंतीपलीकडं बसलेले वाटतात, बंद लूमाशेजारी, आणि आत काय करत असतील या विचारानं जीव कासावीस होतो. परीक्षेचं काय, ती कुणीही देतं.

माझा शेवटचा पेपर झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी भंगारवाला टेम्पो घेऊन आला. बरोबर घण घेतलेली दोन माणसं. तोवर कबरीनं आपली दोन धड पिल्लं हलवली होती. मांजर पिल्लांना सात घरं फिरवते म्हणतात, तसं तिनं पहिलं घर सोडलं होतं. पलीकडच्या माळ्यावर तिला आम्ही एकेक तोंडात धरून नेताना पाहिलं. तिसऱ्यासाठी ती परत आली होती. दोनदा आली. उचललं, थोडं नेलं, खाली ठेवलं, हुंगलं. दुसऱ्यांदा ठेवलं ते तिथंच चार नंबरखाली, आणि गेली. बाबा तिथंच स्टुलावर बसले होते. त्यांनी हे सगळं पाहिलं.

"दादा, पिल्लं गेली म्हणं," भंगारवाला बाहेरूनच म्हणाला. "आता तरी उचलू का?"

मला वाटलं, झालं. तेवढ्यात आई पुढं झाली. हीच बाई महिनाभर लूम कधी जातात म्हणून दिवस मोजत होती. मामाला तिनंच शब्द दिला होता. पहिली तारीख दोन दिवसांवर आली होती. ती दारात आडवी उभी राहिली आणि म्हणाली, "एक हाय अजून. पायानं अधू हाय ते. त्याला येळ लागंल."

भंगारवाल्याचं तोंड उतरलं. "वहिनी, असं कसं? माणसं आणलीत मी."

"मंग घेऊन जा माणसं."

शेडमध्ये ऊन पत्र्याच्या फटींतून खाली पडत होतं. बाबा स्टुलावरून उठले. त्यांनी आईकडं पाहिलं. मला वाटतं, ती आपल्यासाठी किती आडवी आलीय ते त्यांना त्या क्षणी दिसलं. मग ते चार नंबरपाशी वाकले, हात खाली घातला आणि पिल्लू बाहेर काढलं. लूमांच्या मधल्या वाटेवर त्यांनी ते खाली ठेवलं आणि स्वतः मागं सरकून उभे राहिले.

ते बसूनच राहिलं. मग पुढचे पाय टेकले, एक मागचा टेकला, चौथा नुसता फरफटत आला. पडलं. आई "असू दे हो" म्हणाली. बाबांनी हात वर करून तिला थांबवलं. पिल्लू उठलं, पुन्हा पडलं, पुन्हा उठलं. दाराकडच्या उजेडाच्या दिशेनं ते ओढत ओढत आलं, आणि उंबऱ्याशी आल्यावर धापा टाकत बसलं.

बाबा म्हणाले, "चाललं."



"आपल्या पायानं आलं," ते म्हणाले. "सांग त्याला. ने म्हनावं." ते आईला सांगत होते, पण पाहत त्या पिल्लाकडंच होते.

आईनं मान हलवली आणि तोंड फिरवून भिंतीशी जाऊन उभी राहिली. ती काही सांगायला जाणार नव्हती. बाबांच्याकडून पुन्हा ते शब्द निघणार नव्हते. मग मी पिल्लू उचलून पोटाशी धरलं, बाहेर टेम्पोपाशी गेले आणि भंगारवाल्याला म्हटलं, "काका, बाबा म्हणताहेत, न्या."